काहूनसर

आमच्या स्टँडवर जो येतो त्याला कुठंतरी जायचं असतं. काहूनसरांना कुठंच जायचं नसे. ते सकाळी सातला हजर होत, लिंबाच्या सावलीत उभे राहत आणि गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारत, "काहून?" याच गाडीत काहून? ऑटोत काहून नाही? मोटारसायकल घरी ठेवून आलात, काहून? इतका बिनकामाचा प्रश्न इतक्या गंभीर चेहऱ्यानं विचारणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पुण्याकडच्या माणसानं 'का' सोडून आमच्याकडचा शब्द उचलला याचं खरं तर कौतुक वाटायला हवं. मला वाटलं नाही. दुसऱ्याचा सदरा अंगात घातल्यासारखा तो शब्द त्यांच्या तोंडी ढगळ वाटायचा.

खरं नाव त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. ते वाचायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. दुसऱ्याच दिवशी गफूरभाई ड्रायव्हरनं लांबून हाक मारली, "मुकादम, तुमचे काहूनसर आले बगा," आणि तेच नाव चिकटलं. सरांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते नाराज झाले नाहीत. उलट पुठ्ठ्याच्या पाटीला लावलेल्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी ते लिहून घेतलं. आपली टिंगल चाललीय हे कळूनही जो ती लिहून घेतो, अशा माणसाचं काय करायचं हे आम्हाला कुणालाच सुचेना.

त्यांचं काम असं होतं. हिंगोली शहरात आणि आसपास छोट्या बसगाड्या सुरू करायचं वर कुठंतरी ठरलं होतं. त्या कुठून कुठं न्यायच्या, कुठं थांबवायच्या हे पक्कं करण्याआधी, लोक सध्या कशानं येतात-जातात आणि तेच का निवडतात याचं मॉडेल तयार करायचं होतं. मॉडेल म्हटल्यावर आम्हाला वाटलं, हा माणूस थर्माकोलची बस करून दाखवणार. तसलं काही नव्हतं. मॉडेल म्हणजे नुसती आकडेमोड, ती शहरात थंडगार खोलीत बसलेली मोठी मंडळी करणार, आणि तिच्यासाठी लागणारी माणसं गोळा करायला या एकट्याला आमच्या धुळीत सोडलेलं. मोठी मंडळी एकदाही आली नाहीत. त्यांना हिंगोली नकाशात सापडली असती तरी पुष्कळ झालं असतं.

मुकादम म्हणजे मी. पदवी घेऊन नोकरीची वाट पाहता पाहता चुलत्याच्या काळीपिवळी जीपवर बसलो आणि पुढं गोरेगाव-सेनगाव लाइनचे हिंगोलीतले नंबर माझ्याकडे आले. नंबर म्हणजे गाड्यांची पाळी. जी आधी आली ती आधी भरणार, ती निघाली की मागची पुढं सरकणार. कुणाचा नंबर पुढं, कुणाला रांगेच्या शेवटी पाठवायचं, सगळं माझ्या शब्दावर. वीस वर्षं मी हे केलं आणि वीस वर्षांत माणसं बघून बघून मला माणसांचा वीट आला. रस्त्याच्या पलीकडून येणाऱ्याच्या चालीवरून मी सांगायचो, हा कोर्टात तारखेला आलाय, इस्त्री मोडेल म्हणून मागं बसणार नाही. ही बाई दोन गाड्या सोडेल आणि तिसरीत एखादं बाईमाणूस दिसलं की बसेल. हे मास्तर पुढच्या सीटसाठी अर्धा तास थांबतील आणि मग शाळेला उशीर झाला म्हणून ड्रायव्हरवर खेकसतील. माणसं काही निवडतबिवडत नाहीत, असं माझं ठाम मत होतं. मेंढरं नुसती, हाकलली की चढतात. अशा माणसाला सरांनी वाटाड्या म्हणून रोजानं सोबत घेतलं होतं.

सरांकडे रंगीत कार्डांचा एक गठ्ठा होता. प्रत्येक कार्डावर एका बाजूला बस, एका बाजूला ऑटो. खाली लिहिलेलं, ही इतक्या मिनिटांत पोचवेल, हिची इतका वेळ वाट पाहावी लागेल, हिच्यात बसायला जागा मिळेलच असं नाही. सर कार्ड समोर धरून म्हणायचे, "समजा, अशी बस आली आणि असा ऑटो आला, तर तुम्ही कशात बसाल?" आमच्याकडे हा 'समजा'चा प्रकार चालत नाही. हट्टा गावाहून आलेला एक म्हातारा लेकीकडे गोरेगावला निघाला होता. त्यानं कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "कवा येऊन राहिली ही बस?"

"बाबा, येत नाहीये. फक्त समजा."

"मंग दाखवून काहून राहिले तुमी?" म्हातारा म्हणाला आणि कार्ड खिशात घालून गाडीत जाऊन बसला. गाडी भरेपर्यंत सर खिडकीशी उभे राहून ते कार्ड परत मागत होते. म्हातारा देईना. बस आली आणि कुणी चढू दिलं नाही तर दाखवायला कागद पायजे, असं त्याचं म्हणणं. शेवटी गाडी निघून गेली आणि सरांच्या गठ्ठ्यात एक कार्ड कमी झालं.

दुसऱ्या दिवशी एका मास्तरांनी मोठ्या ऐटीत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात आरामशीर गाडी निवडली, "वेळेची किंमत असते हो," असं सरांना बजावलं, आणि पाच मिनिटांनी आमच्याच जीपच्या मागच्या पायरीवर लोंबकळत गेले. मी सरांना म्हटलं, "फाडा तो कागद." त्यांनी फाडला नाही. मास्तर काय म्हणाले ते एका रकान्यात आणि मास्तर कसे गेले ते शेजारच्या रकान्यात लिहिलं. म्हणाले, "दोन्ही खरं आहे." मला हसू आलं. दोन्ही खरं मानून कुठं काम होतं का?

एकदा चहा पिताना मी विचारलं, हे मॉडेल असतं तरी काय. त्यांनी कागदावर समजावलं. गाडीला लागणारा वेळ, भाडं, वाट पाहणं, गर्दी, या प्रत्येकाला माणूस मनात वजन देतो. ती वजनं कळली की तो उद्या कशात बसेल याचा अंदाज बांधता येतो. आणि शेवटी एक जागा मोकळी ठेवायची, आपल्याला न कळलेल्या गोष्टींसाठी. मी म्हटलं, एवढं शिकून शेवटी न कळण्याची सोय करून ठेवलीच की. सर मान हलवून म्हणाले, "ती सगळ्यात महत्त्वाची. ती जागा नसेल तर मॉडेल माजतं." टपरीवाल्यासकट आम्ही सगळे हसलो. तेही हसले, पण आम्ही कशाला हसलो हे त्यांना कळलं असेल असं वाटत नाही.

गाडीत बसल्याशिवाय गाडीबद्दल लिहायचं नाही, असा त्यांचा आणखी एक हट्ट. पुढची सीट देऊ केली तर घेत नसत. मागच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून, कुणाचं तरी पोतं मांडीवर घेऊन ते गोरेगावपर्यंत जात आणि परत येत. दोनदा त्यांना वाटेत ओकारी झाली. सेनगावला खाली उतरून, रस्त्याच्या कडेला ओणवे होऊन, तोंड पुसून पहिलं काम काय केलं तर घड्याळात पाहून वेळ टिपली. गफूरभाईनं लिंबू कापून दिलं आणि म्हणाले, "सर, इतकी तकलीफ काहून घेता? मुकादमला इचारा, त्यायला समदं बराबर म्हाईत हाय."

"मुकादमसाहेब त्यांना काय दिसतं ते सांगतील," सर म्हणाले. "मला बसणाऱ्याला काय वाटतं ते हवंय."

गफूरभाईनं हे मला इमानानं येऊन सांगितलं. मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, ती कार्डं ठेवा पिशवीत. रस्ता ओलांडून माणूस येतोय तोवर मी सांगतो तो कशात बसणार, तुम्ही लिहा आणि मग ताळा करा. सर लगेच तयार झाले. सकाळपासून दुपारपर्यंत मी बोलत होतो, ते लिहीत होते. ताळा केला तर बोटांवर मोजण्याइतकी माणसं सोडली तर सगळी बरोबर. आता हा माणूस पाटी खाली ठेवणार म्हणून मी वाट पाहत होतो. ते तर खूश झाले. "मोठमोठ्या मॉडेलांना एवढं जमत नाही," म्हणाले. मी कॉलर नीट केली. मग ते म्हणाले, "आणि ज्या इथं येतच नाहीत, त्यांचं काय?"

"कोण येत नाही?"

पहाटे गफूरभाईच्या पहिल्या फेरीत बसून स्टँडवर परत येताना त्या त्यांना रोज दिसायच्या. शहराच्या अलीकडे चार किलोमीटरवर बंजाऱ्यांच्या तांड्याचा फाटा आहे, तिथून बायका आणि पोरी रस्त्याच्या कडेनं रांगेत चालत हिंगोलीकडे येताना. कुणी दवाखान्यात झाडूकाम करायला, कुणी बांधकामावर, दोन-चार पोरी शिकायला. सरांनी त्यांची नोंद 'चालत' अशी करून पाठवली होती आणि मोठ्या मंडळींनी ती मॉडेलात 'पसंती: चालणे' अशी घालूनही टाकली होती. मी म्हटलं, बरोबरच केलं. तांड्यावरची माणसं ती. यांचे आजे-पणजे बैलांवर माल लादून मुलूखभर चालले. त्यांना चालायची सवयच असते, गाडीत बसवलं तर उलट जीव घाबरा होतो. स्टँडवर सगळे हेच म्हणत आणि मीही वीस वर्षं हेच म्हणत आलो होतो.

"तुम्ही कधी विचारलंत त्यांना?" सरांनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात?"

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "उद्या साडेसहाला फाट्यावर येता का?"

नवरात्र चालू होतं, सकाळी थंडी पडायला लागली होती. मी गेलो तो केवळ त्यांची फजिती बघायला. पहिल्याच येताना दिसल्या त्या कमळाबाई, खाजगी दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या, आणि त्यांच्यासोबत नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेली त्यांची पोरगी पूजा. पोरीच्या पायात झिजलेल्या चपला होत्या आणि कॉलेजात घालायचे बूट प्लास्टिकच्या पिशवीत, धूळ लागू नये म्हणून. सरांनी कार्डं काढलीच नाहीत. "मावशी, तुम्ही चालत जाता, काहून?"

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "गाडी थांबत न्हाई."

"थांबत नाही, काहून?"

"ह्यायनं थांबू देली न्हाई," बाई माझ्याकडे हनुवटी करून म्हणाल्या. "स्टँडवर फळा हाय. मला वाचता येत न्हाई, पोरीनं वाचला."

पोरगी खाली बघत म्हणाली, "तांडा फाट्यावर गाडी थांबवू नये. थांबवणाऱ्याचा नंबर शेवटी." जसंच्या तसं. ती दुसरीत असताना आईबरोबर बाजाराला आली होती तेव्हा तिनं ते वाचलं होतं.

अक्षर माझंच होतं. फार वर्षांपूर्वी दोन ड्रायव्हर नंबरावरून स्टँडवर हातघाईला आले होते. एकानं फाट्यावर गाडी थांबवून गाठोड्यांसकट चार बायका घेतल्या, तेवढ्यात मागचा पुढं निघून आला आणि त्यानं नंबर लावला. भांडण मिटवायला मी फळ्यावर ती ओळ लिहिली. मग दर गुढीपाडव्याला फळा रंगवायचा तेव्हा मीच ती पुन्हा खडूनं गिरवायचो, न वाचता. तीन-चार वर्षं बायकांनी हात केले असतील, मग त्यांनी हात करणं सोडलं, आणि आम्ही म्हणायला लागलो की त्यांना चालायची सवय आहे.

कमळाबाई रागानं बोलल्या नाहीत. सरांनी विचारलं तेवढं सांगत गेल्या. "सकाळी मी हाय संगं. येताना पोरगी येकटी येती, आता दिवस लवकर मावळतो. तिचा बाप म्हणून राहिला, जवान लेकरू अंधारात रस्त्यानं धाडायचं न्हाई. दिवाळीपतोर बगू म्हणला. जायाची-यायाची सोय झाली तं शिकंल, न्हाई तं देऊन टाकू. स्थळ येऊन राहिलं रिसोडकडून."

"अजून दोन वर्षं हाईत सर माझी," पूजा म्हणाली. मग उशीर होईल म्हणून दोघी निघाल्या.

परतताना मी सरांशी भांडलो. लाइन कशी चालते, एका गाडीनं मध्ये थांबा घेतला की मागच्या सगळ्यांचा कसा घोळ होतो, हे मी त्यांना आवाज चढवून सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी मी विचारलं, "माझं नाव लिहिलंत का कागदावर?"

"नावाचा रकाना नाही," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "ज्याला दुसरं काही मिळतच नाही, तो निवडत नसतो. त्याला निवडणाऱ्यांत धरलं की सगळंच खोटं पडतं."

तो आठवडाभर ते लिंबाभोवती फेऱ्या मारत फोनवर मोठ्या मंडळींशी बोलत होते. "साहेब, त्या बायका चालणं पसंत करत नाहीत," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की ड्रायव्हर लोक त्याची नक्कल करायला लागले. मोठ्या मंडळींना बसचा रस्ता शहराच्या हद्दीतच संपवायचा होता आणि तांड्याची चालण्याची आवड त्यांना फार सोयीची पडत होती. शेवटी सरांना कागद दुसऱ्याच्या हवाली करून परत यायला सांगितलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

जाताना ते पिशवी घेऊन स्टँडवर आले. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. "मुकादमसाहेब, माझ्या अहवालात हा थांबा राहील की नाही, मला सांगता येत नाही. तुमच्या फळ्यावर मात्र तो आजच्या आज होऊ शकतो."

"सर, तुम्हाला लाइन कळायची नाही," मी म्हटलं.

"नाही कळली," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांत माझा हात धरून निघून गेले. त्यांच्या मनात माझ्याविषयी काही अढी नव्हती. त्याचाच मला राग आला.

ती ओळ मी पुसली नाही. पुसायला ओलं फडकं पुरे होतं, पण त्या माणसाच्या सांगण्यावरून पुसायची नव्हती. रोज सकाळी फळ्याकडे नजर जायची आणि मी दुसरीकडे पाहायचो. दिवाळी गेली. तुळशीचं लग्न लागलं. मग एक दिवस कुणी काही न म्हणता, कुणी न सांगता मी ती पुसली. मला वाटलं, झालं. पण ड्रायव्हर थांबेनात, त्यांच्या पायालाच तशी सवय लागलेली. मग मीच पहाटे फाट्यावर जाऊन उभा राहायला लागलो आणि माझ्याच लाइनच्या गाड्यांना हात करायला लागलो. गफूरभाई थांबले. पाठीमागून बायका आल्या, थांबलेल्या गाडीच्या बाजूनं गेल्या आणि चालत राहिल्या. मी ओरडून सांगितलं, बसा, गाडी तुमच्यासाठीच आहे. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. चार दिवस हेच चाललं. लोकांना मेंढरं म्हणणारा मी, रिकाम्या सीटचा दरवाजा धरून उभा.

पाचव्या दिवशी कमळाबाई थांबल्या. "जागा हाय का?" म्हणाल्या. गफूरभाईनं पुढची सीट दिली. मी विचारलं, "पूजा कुठाय?"

"तिला देली मागल्या आठवड्यात," त्या पदर सावरत म्हणाल्या. "रिसोडकडं." मग समोर रस्त्याकडे बघत बसल्या. माझ्यावर त्यांनी शब्दानं ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

त्या बसगाड्यांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. आता फाट्यावर आमच्या सगळ्या गाड्या थांबतात. माणसांबद्दल चालीवरून बोलणं मी सोडलं. काहूनसर मला आवडत होते, हे ते गेल्यावर कळलं, आणि ज्या माणसाची मी दोन महिने चेष्टा केली त्याच्यापुढं उभं राहायची मला आजही लाज वाटते.

मार्गशीर्षात त्यांचा फोन आला. कुठल्यातरी लांबच्या शहरात दुसऱ्या कामावर होते, मागं रहदारीचा गोंगाट. गफूरभाई कसे आहेत, टपरी चालते का, असं सगळं विचारून झालं. मग जरा अडखळत म्हणाले, "फळ्याचं काही...?"

"पुसला सर."

मग म्हणाले, "गाड्या थांबतात?"

"थांबतात."

"कमळाबाई बसतात?"

"बसतात. पुढच्या सीटवर."

"आणि पूजा?"

मला खरं सांगायचं होतं. पण मग ते फळा कधी पुसला ते विचारणार, आणि त्यानंतर इतका उशीर का लावला, हेही विचारणार. त्याचं उत्तर माझ्यापाशी होतं आणि ते मला त्यांना द्यायचं नव्हतं.

"तीही बसते," मी म्हणालो.

"थांबा हं," सर म्हणाले. त्यांचा आवाज आनंदानं भरून आला होता. "लिहून घेतो."